उजव्यात त्याची, डाव्यात माझी

डावा डोळा

"हनुवटी टेक. लाल दिव्याकडे बघ. पापणी हलवू नको."

डोळे तपासणाऱ्या फरझानादीदींनी हे पुन्हा एकदा सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काहीतरी बिनसलंय. एकदा मोजायचं आणि खात्रीसाठी परत मोजायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण त्या मघापासून माझा उजवा डोळा मोजत होत्या, मग डावा, मग परत उजवा, आणि दर वेळी पडद्यावरचा आकडा बघून ओठ आवळत होत्या. शेवटी त्यांनी मला उठवलं, स्वतः स्टुलावर बसल्या आणि शेजारच्या नर्सला बटण दाबायला सांगून स्वतःचेच डोळे मोजून घेतले. ते बरोबर आले असावेत. कारण त्या यंत्राकडे बघायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

कोल्हापुरातला डोळ्यांचा दवाखाना. मी दहा वर्षांची. फिरत्या खुर्चीवर गरागरा फिरत बसलेला माझा जुळा भाऊ सम्मेद, आणि त्याच्यामागे मांडीवर भडंगाची पिशवी घट्ट धरून बसलेली आई. ते यंत्र नंबर काढत नव्हतं, डोळ्याची लांबी मोजत होतं. बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत डोळा केवढा लांब आहे, ते.

"सम्मेद, तू ये," फरझानादीदी म्हणाल्या.

सम्मेदने हनुवटी टेकली. उजवा, डावा, परत उजवा. फरझानादीदींनी या वेळी ओठ आवळले नाहीत. त्या सरळ उठल्या आणि डॉक्टर मॅडमना बोलवायला गेल्या.

आईने भडंगाच्या पिशवीला आणखी एक गाठ मारली.

इथे एक सांगून ठेवते. ही गोष्ट मी डोळा बदलत सांगणार आहे. डाव्या डोळ्याने मला लांबचं पुष्कळसं स्वच्छ दिसतं, म्हणून दवाखान्यातली ती सकाळ डाव्याने. उजव्याने चष्म्याशिवाय सगळं धुकट. त्याआधीचं, अर्धं ऐकलेलं आणि अर्धं आठवलेलं, ते उजव्याने. असं का, ते पुढे येईलच.

उजवा डोळा

आम्ही हुपरीचे. हुपरीत घरटी चांदी. आमच्याकडे घुंगरं व्हायची. सोप्यात अण्णा, म्हणजे आमचे वडील, दिवसभर मान खाली घालून पैंजणांना घुंगरं झाळत, म्हणजे ज्योतीवर डाग देऊन जोडत बसायचे, आणि त्यांच्या उजव्या हाताशी काचेच्या पेटीत चांदी तोलायचा तराजू असायचा. आमच्या घरात चांदीखालोखाल त्या तराजूत सर्वांत जास्त काही तोललं गेलं असेल, तर आमचा खाऊ.

त्याला कारण सम्मेद. बोलायला लागल्यापासून त्याला एकच शंका, की प्रांजलला, म्हणजे मला, जास्त मिळालं. पेढा अर्धा केला तरी तो दोन्ही तुकडे डोळ्यांजवळ नेऊन तपासायचा. कंटाळून अण्णांनी एक दिवस पेढ्याचे तुकडे पारड्यांत टाकले, काटा मध्यावर येईपर्यंत एकातून चिमटीने काढून दुसऱ्यात घातलं, आणि म्हणाले, "झालं सारखं?" सम्मेदने काट्याला नाक लावून खात्री केली. तिथून पुढे लाडू, चिक्की, दिवाळीतल्या फुलबाज्या, सगळं तराजूतून. एकदा मला ताप आला होता तेव्हा त्याने माझी गोळीसुद्धा अर्धी मागितली होती म्हणे.

त्या तराजूवर झुकलेले अण्णा मला नेहमी एकाच बाजूने आठवतात. मान डावीकडे वळवलेली, कारण बघायचं ते उजव्या डोळ्याने. लहानपणापासून त्यांचा मायनसचा नंबर वाढत गेला होता. चष्म्याच्या काचा जाडच जाड, बाटलीच्या बुडासारख्या. डोळा लांबत जातो तसा मागचा पडदा ताणला जातो, हे आम्हांला नंतर कळलं. अण्णांच्या डाव्या डोळ्यातला पडदा आमच्या जन्माआधीच सुटला होता. ऑपरेशन झालं, नजर काही आली नाही. कुणी हळहळलं की अण्णा म्हणायचे, "चांदी एकच आहे, तिला बघायला दोन कशाला?"

आई त्यावर कधी हसली नाही.

आणि मग तिसरीत असताना बाईंनी निरोप पाठवला, की दोघांनाही फळ्यावरचं दिसत नाही. चष्मे लागले. वर्षाच्या आत नंबर वाढले. चौथीत परत वाढले. आईने एका संध्याकाळी आम्हां दोघांचे चष्मे आणि अण्णांचा चष्मा खिडकीत ओळीने ठेवले आणि कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली.

डावा डोळा

वैशंपायन मॅडम आल्या. पुण्याच्या, उंच, बोलताना पेन कानामागे खोचणाऱ्या. त्यांनी पडदा बघितला, फरझानादीदींकडे बघितलं, मग आमच्या दोघांच्या मध्ये स्टूल ओढून बसल्या आणि चौकशी सुरू झाली.

आम्ही कुशीवर झोपून वाचतो का? नाही. टीव्ही कुठल्या बाजूला आहे? टीव्ही बंद पडलाय. दोघं वर्गात एकाच बाकावर बसता का, फळा कुठल्या हाताला येतो? सम्मेदने सांगितलं, की आम्हांला एका बाकावर बसवत नाहीत, आम्ही पट्टीने बाक मोजतो. एका डोळ्याला कधी मार लागला होता का? दोघांच्या त्याच डोळ्याला कसा लागेल, असं सम्मेदनेच उलट विचारलं. मॅडम म्हणाल्या, तेच तर मी शोधतेय.

गंमत अशी होती, की वर्षभरात आम्हां दोघांचेही उजवे डोळे ठरल्याप्रमाणे लांबले होते. चष्म्याच्या घरातल्या पोरांचे लांबतात तसे. आणि दोघांचेही डावे जेमतेम हलले होते.

"मध्ये सहा महिन्यांनी यायचं होतं तुम्ही," मॅडम कागद चाळत म्हणाल्या.

"महापूर होता," आई म्हणाली. तेवढंच.

मला उगाच वाटलं की मदत करावी. मी म्हणाले, शाळेच्या फोटोतपण आम्ही दोघं डावा डोळा मिटून आहोत. खरंच होतं ते. मैदानात उन्हात वर्गाचा फोटो काढला, तर सगळी पोरं ताठ उभी आणि मी आणि सम्मेद दोन टोकांना डावा डोळा मिचकावून, जणू फोटोग्राफरशी आमचं काही ठरलंय. बाईंनी दोघांनाही बोलणी घातली होती.

मॅडमनी पेन कानामागून काढलं. छोटी बॅटरी घेऊन त्या माझ्या डोळ्यांवर वाकल्या, मग सम्मेदच्या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब नर्सने आल्याआल्याच दोन्ही डोळ्यांत घातले होते, त्यामुळे एकाच डोळ्याची बाहुली आधीपासून मोठी होऊन उन्हाला दिपत होती का, हे आता त्यांना कळणार नव्हतं. त्या मागे टेकून बसल्या.

"हे बघा," त्या आईला म्हणाल्या, "हे आकडे असेच असतील आणि त्याचं कारण मला कळलं नाही, तर या दोघांना औषधाच्या या अभ्यासातून काढावं लागेल. थेंबांच्या बाटल्या परत घ्याव्या लागतील. नियम आहे तसा."

आईचा चेहरा मी त्या दिवशी डाव्या डोळ्याने बघितला, आणि तो मला अजून तसाच्या तसा दिसतो.

उजवा डोळा

बाटल्या कशा आल्या, ते.

वर्षभरापूर्वी याच खोलीत मॅडमनी आम्हांला समजावून सांगितलं होतं. डोळ्याला कुठूनतरी सारखा निरोप येतो, वाढ, वाढ. काहींच्या डोळ्याला तो कुठे थांबायचं ते कळत नाही. या निरोपाला डोळ्यात शिरायला ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. दारावरच्या बेलसारख्या. औषधाचा थेंब त्या जागेवर आधी जाऊन बसतो.

"बेलच्या बटणावर च्युइंगम लावल्यासारखं," सम्मेद म्हणाला होता. मग लोक दाबत बसतात आणि आत वाजत नाही. हे त्याला स्वानुभवाने माहीत होतं.

मॅडम हसल्या होत्या. नक्की कुठली बेल बंद होते, डोळ्याच्या मागच्या पडद्यातली की बाहेरच्या वेष्टनातली, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, असंही त्यांनी कबूल केलं होतं. औषध जुनंच, अगदी पातळ करून घालायचं, रोज झोपताना एक थेंब. धोतऱ्यात असतं त्यातलंच, म्हटल्यावर आई खुर्चीतून अर्धी उठली. मॅडमनी तिला हाताला धरून बसवलं आणि किती पातळ ते सांगितलं.

पण आई उठली ती धोतऱ्यामुळे नाही, असं मला आता वाटतं. ती त्यापुढच्या वाक्याला उठली असावी. ते वाक्य असं, की काही मुलांच्या बाटलीत औषध असेल आणि काहींच्या बाटलीत नुसतं पाणी, डोळ्यांत घालण्याजोगं. कुणाच्यात काय हे कुणालाही ठाऊक नाही, मॅडमनाही नाही. कुणाला कुठली बाटली, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. आणि आपापलीच बाटली वापरायची.

फरझानादीदी नंबर काढताना काच बदलून विचारतात, हे बरं की हे? त्यानंतरच्या बसच्या प्रवासाच्या माझ्याकडे अशाच दोन काचा आहेत.

एका काचेतून: आई खिडकीशी बसलीय, मांडीवर दोन सारख्या पांढऱ्या बाटल्या, एकीवर माझं नाव, एकीवर सम्मेदचं. ती एक उजव्या हातात घेते, दुसरी डाव्या हातात, आणि दोन्ही हात पारड्यांसारखे वरखाली करत राहते, हुपरी येईपर्यंत.

दुसऱ्या काचेतून: आई झोपलीय, बाटल्या पिशवीत आहेत, आणि सम्मेद माझ्या कानात म्हणतोय, "तुझ्यात पाणी असणार बघ."

हे बरं की हे? मला दोन्ही बरी वाटतात. त्या रात्रीचं मात्र एकच आठवतं. आईने आम्हांला चटईवर डोक्याला डोकं लावून झोपवलं. सम्मेदच्या बाटलीतला एक थेंब त्याच्या उजव्या डोळ्यात, एक माझ्या उजव्या डोळ्यात. मग माझ्या बाटलीतला एक माझ्या डाव्यात, एक त्याच्या डाव्यात. सम्मेद उठून बसला आणि म्हणाला, "सारखं झालं." वर्षभर तसंच चाललं. आम्हांला वाटलं, सगळ्यांकडे तसंच घालतात.

डावा डोळा

"मी सांगतो मॅडम," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायकांसारखी आई मी करतो, मी जातो असंच बोलते; पुण्याच्या मॅडमना पहिल्या दिवशी त्याची गंमत वाटली होती. आज त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

आईने सगळं सांगितलं. उजव्यात त्याची, डाव्यात हिची, दोघांनाही, रोज. सांगताना ती मॅडमकडे नाही, त्या यंत्राकडे बघत होती.

फरझानादीदींनी कपाळावर हात मारला.

"मी आपापली बाटली म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या.

"म्हणाला होता. चुकलं माझं. पण एकाला औषध आणि एकाला पाणी, हे माझ्या हातनं झालं नसतं. ह्यांचा एक डोळा गेलाय. उरलेल्या एकावर ह्यांनी घर चालवलं. मला वाटलं, पोरांचाबी दोघांचा एकेक तरी राहू दे. एकाचे दोन आणि एकाचा एकबी नाही, असं नको."

"मग रोज बाटल्या बदलायच्या होत्या. आज ही, उद्या ती," फरझानादीदी न राहवून म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू त्यांनी झाळकामातली अगदी साधी गोष्ट विचारली होती. "मग चारी डोळे अर्धवट राहिले असते. अर्धवट झाळलेला जोड सुटतोय."

मॅडम उठल्या आणि बाहेर गेल्या. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. खांदे हलत होते. सम्मेद माझ्या कानात म्हणाला, "रडतायत." आईने ऐकलं आणि तिचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट बसला, की बांगडी रुतली.

मॅडम आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे खरंच ओले होते, पण त्या हसत होत्या. थांबवून थांबवून हसत होत्या आणि बोलायचा प्रयत्न करत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की औषध खरंच काम करतं का हे बघायला डॉक्टर लोक शंभर पोरांशी शंभर पोरं जुळवत बसतात. वय सारखं हवं, घर सारखं हवं, उन्हात खेळणं सारखं हवं, तरी कुठेतरी फरक राहतोच. आणि या बाईंनी एकाच डोक्यातला एक डोळा इकडे आणि एक तिकडे ठेवला. दोन्ही डोळे तेच वाचणार, तेच खाणार, त्याच उन्हात जाणार. यापेक्षा सारखं काय असतं?

"मग ते तुमच्या अभ्यासात चालंल?" आईने आशेने विचारलं.

"मुळीच नाही. तुम्ही बाद. दोन पोरांवरून काही सिद्ध होत नाही, आणि नियम तुम्ही मोडलाय तो मोडलाय."

"म्हणजे औषध बंद."

बाटल्यांची गुपितं दुसऱ्याच गावातल्या कुणा माणसाकडे असतात. मॅडमनी त्याला फोन लावला, आमच्या बाटल्यांचे नंबर सांगितले, आणि मग नुसतं हं, हं करत राहिल्या. आईने तेवढ्यात भडंगाची पिशवी सोडली आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ ठेवली, नर्ससुद्धा सुटली नाही. काहीतरी करायला हवं होतं तिला.

मॅडमनी फोन ठेवला. "अभ्यासातून बाद," त्या म्हणाल्या, "औषधातून नाही. अभ्यासात नसलेल्या पोरांना मी डॉक्टर म्हणून औषध देऊ शकते. आजपासून दोघांच्याही दोन्ही डोळ्यांत. बाटलीवर ज्याचं त्याचं नाव, आणि आत तेच. तुम्हांला हवं तर तोलून बघा."

आईने डोळ्यांना पदर लावला. फरझानादीदी भडंग खाता खाता हसायला लागल्या. हे सगळं इतरांना सांगितलं तर चालेल का, नावं न घेता, असं मॅडमनी विचारलं, तर आई पदराआडून म्हणाली, नावं घाला की.

फक्त सम्मेद हसत नव्हता. त्याचा हिशेब चालला होता. तो बोटांनी आपल्या उजव्या डोळ्याला हात लावत होता, मग डाव्याला, मग माझ्याकडे बघत होता.

"म्हणजे माझ्या बाटलीत पाणी होतं," तो म्हणाला.

फरझानादीदी भडंग खायच्या थांबल्या.

"आणि हिच्या बाटलीत औषध. म्हणजे वाटणी केली नसती तर हिचे दोन्ही..."

ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. हुपरीपर्यंतच्या बसमध्येही नाही.

दोन्ही डोळे

माझ्या चष्म्याच्या दांडीला घुंगरू का आहे, हे मला कॉलेजात सगळे विचारतात. शाळेतसुद्धा त्याने पुष्कळ घोटाळे केले. परीक्षेत मी शेजारच्या पेपराकडे मान वळवली की वर्गाला ऐकू जायचं. फ्रेम कितीदा बदलली, घुंगरू तेच. नंबर नंतर थोडा वाढला, थांबला. सम्मेदचाही तिथेच थांबला. दोघांची उजवी काच जाडसर, डावी पातळ, अजूनही. त्याचा चष्मा मोडला की तो सरळ माझा उचलून घालतो आणि छुमछुम करत गावभर फिरतो.

तर ते घुंगरू असं.

त्या दवाखान्यानंतर आठवड्याने नवे चष्मे आले. फ्रेम एकसारखीच हवी, हा सम्मेदचा हट्ट दुकानात पुरवला गेला होता. घरी आल्याबरोबर आईने चष्मे अण्णांपुढे ठेवले. काही सांगावं लागलं नाही. अण्णांनी पारड्यांतली चांदी बाजूला केली आणि एका पारड्यात त्याचा चष्मा ठेवला, एकात माझा. आई आत चुलीकडे गेली.

काटा थरथरला. या बाजूला, त्या बाजूला, आणि मध्यावर येऊन उभा राहिला. जाड काच एक, पातळ काच एक, दोन्हीकडे.

या वेळी सम्मेद काट्याला नाक लावायला वाकला नाही, आणि चष्मा पारड्यात असल्यामुळे लांबून त्याला काटा दिसेना. त्याने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. नीट बघितलं. मी वाट बघत होते, की आता हा काय खुसपट काढतो.

त्याने हात लांब केला, अण्णांच्या समोरच्या ढिगातून एक घुंगरू उचललं, कानाशी नेऊन वाजवून बघितलं, ते ठेवून दुसरं घेतलं, वाजवलं, आणि माझ्या पारड्यात टाकलं.

पारडं खाली गेलं.

अण्णांचा हात सवयीने ढिगाकडे गेला. दुसऱ्या पारड्यात टाकायला त्यांनीही एक घुंगरू चिमटीत धरलं. मग मान डावीकडे वळवून त्यांनी सम्मेदकडे बघितलं.

"राहू दे अण्णा," सम्मेद म्हणाला.

अण्णांनी चिमटीतलं घुंगरू परत ढिगात सोडलं.

"झालं का सारखं?" आईने आतून विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले.

"झालं," सम्मेद म्हणाला.